तलाठी

आई पश्मी, जानवळकडची, लांब तोंडाची.
बाप बसस्टँडमागचा, भज्याच्या कागदावर वाढलेला.
पोरगं दोघांच्या मधलं कुठलंतरी:
पाय आईचे, शेपूट बापाचं,
कान एक उभा, एक पडका,
जणू वाटणी अजून कोर्टात आहे.

नाव तलाठी.
हाक मारली की येत नाही, म्हणून.

चैतात खारींनी टरबुजाची ठिबकची नळी कुरतडली.
पहिल्या दिवशी सात जागी,
दुसऱ्या दिवशी मी मोजलंच नाही.
सरीत पाणी नाही आणि बांधावर कारंजं.
जॉइनर आणायला लातूरला तीन खेपा झाल्या,
मग दुर्गप्पाला बोलावलं, खदानीवरच्या वडारवस्तीतून.
त्यानं कुत्र्याचा जबडा उघडून बघितला,
पंजा दाबला, नाकावर फुंकर मारली.
म्हणाला, "शिकंल. पण खार माझ्या कालवणाची,
नळी तुमची. कबूल असंल तर बोला."

सुतळीला खारीची वाळकी शेपटी.
तुरीच्या खोडक्यांतून ओढत न्यायची,
धुऱ्यावरून, शेळ्या बसल्या होत्या तिथून,
आणि चिंचेखाली येऊन फांदीला टांगायची.
तलाठी वासावर यायचा, अगदी बरोबर यायचा,
बुंध्याला नाक लावायचा
आणि तिथंच थांबायचा.
त्याच्यापुरतं झाड म्हणजे बुंधा.

"वर बघ," म्हणत मी हात वर करायचो.
हात वर गेला की तो पोट टेकून भुईला चिकटायचा,
डोळे मिटून,
दगड कुठं बसतोय त्याची वाट बघत.

मी बोट दाखवत होतो.
त्याला बोट कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

दुर्गप्पा तंबाखू मळत बसलेला. म्हणाला,
"खार राहू द्या आता. आधी हात शिकवा."

मग अकरा दिवस खार नाही, शेपटी नाही.
रोज सकाळी चिंचेखाली दुर्गप्पा उभा,
मुठीत भाकरीचा तुकडा.
चाळीस वर्षं दगड फोडलेला हात,
अंगठ्याचं नख कधीचंच गेलेलं.
हात वर जायचा, भाकरी खाली यायची.
हात वर, भाकरी खाली.
सहाव्या दिवशी तलाठ्यानं एक डोळा उघडला.
नवव्या दिवशी मान उचलली.
अकराव्या दिवशी भाकरी आणायचं राहिलं,
हात रिकामाच वर गेला
आणि कुत्रं त्या हाताच्याही पुढं बघत राहिलं,
फांदीत, शेंड्यात,
जिथं एक खार उलटी लटकून
आम्हा तिघांना शिव्या देत होती.

भुंकला. जन्मात पहिल्यांदा वरच्या दिशेला.

खार खोडाच्या पलीकडं सरकते, हे तिचं शास्त्र.
तलाठी पलीकडं गेला की ती अलीकडं येते,
आणि अलीकडं गलोल घेऊन दुर्गप्पा. हे आमचं.
पहिल्या आठवड्यात दोन मिळाल्या.
तिसरीला नेम माझा होता. खडा फांदीला लागला.
तलाठ्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसं दहावीच्या निकालादिवशी वडलांनी बघितलं होतं.

नळी आता चारच जागी फुटते.

पण शिकवलं ते शिकवलंच.
टाकीवरचा कावळा बघतो,
वाऱ्यानं हलणारी डिश बघतो,
रात्री हैदराबादकडं विमान जातं लुकलुकत,
तर पळत पलीकडं जाऊन बसतो,
ते कधी इकडं सरकतंय म्हणून.

गुरुवारी डीपी जळाली, लाईनमन आला.
मुनीर, औशाचा, नवाच लागलेला.
तो खांबावर चढला. तलाठ्यानं खांब धरला.
अर्धा तास भुंकला एका सुरात.
मधेच चक्कर मारून मागच्या बाजूला जायचा,
मुनीर सरकून माझ्याकडं यावा म्हणून.
"अहो, बोलवा की त्याला! पाय कापूलालेत माझे!"
मी हाक मारली, "तलाठी!"
तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी दुर्गप्पा आला, अंगावर खदानीची पांढरी धूळ.
काही बोलला नाही.
नुसता हात वर केला, रिकामा.
तलाठी येऊन त्याच्या पायाशी बसला,
वर बघत.