शेपूट

महापे, रात्री सव्वातीन.
इथून पाकिटं सुटतात
दर वीस मिलिसेकंदांनी, मोजून;
पुण्यात उतरतात एकवीस, एकोणीस, चोवीस
आणि मधेच एकदा
चारशे बारा.

आलेखाला उजवीकडे शेपूट फुटतं.
गॅमा वक्र ओढून पाहिला, अपुरा पडला.
"काप ते," तांडेल म्हणतो, "अपवाद आहे."

कापत नाही.
त्या चारशे बारात कुणाचं तरी "हो" अडकलं असेल
आणि पलीकडून तोवर
"राहू दे" सुटलंही असेल.

बफर वाढवते: लवकर आलेल्यांनी थांबायचं.
उशीर सगळ्यांना, पण सारखा.

तांडेल घरी फोन लावतो, दिवा कोळीवाड्यात.
"आबा, भरती कधी?"
आबा गप्प.
ऐकू गेलं नाही, की मोजतायत,
सांगता येत नाही.

मी घड्याळ लावते.