पाव घनफूट

एस्पान्योला गावाच्या टोकाला, जिथे सप्टेंबरात
मिरच्या भाजायचा जाळीचा पिंप दिवसभर गरगरतो
आणि सगळ्या रस्त्याला ठसका लागतो,
तिथे युसेबियो आर्चुलेताची शेड.
पाटी नाही. पत्रे थरथरले की लोक समजतात, उघडी आहे.

टेलेस्फोरो माएस्तास आला
एकोणऐंशीची मॉन्टे कार्लो घेऊन, जांभळी, पोट जमिनीला टेकलेली.
बारा इंची वूफर शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला.
"खोका कर," म्हणाला, "पण डिकीत खुर्ची मावली पाहिजे."
खुर्ची आईची, चाकांची.
घडी घातली तरी अंग चोरत नाही ती.

युसेबियो डिकीत शिरला, नुसते बूट बाहेर.
तो आकडे ओरडत होता, मी प्लायच्या तुकड्यावर लिहीत होतो.
माप आतून घ्यायचं.
लाकडाची जाडी वजा.
चुंबकाचा ऐवज वजा, मधल्या आडव्या दांडीचा वजा.
(एकदा मी बाहेरून मोजलं होतं;
तो खोका अजून कोपऱ्यात आहे, त्यात आम्ही खिळे ठेवतो.)
वूफरच्या कागदावर लिहिलेलं: सव्वा घनफूट.
आमच्या हाती आला एक.

"पाव कमी म्हणजे किती कमी?"
"सात लिटर हवा," युसेबियो म्हणाला.
"जागा कमी पडली की आवाज एकाच सुरावर अडून बसतो,
कुठलंही गाणं लाव, तीच ढेकर.
जास्त झाली की शंकू आळसावतो,
ठोका संपून जातो, हा अजून हलतोच आहे."
मी म्हणालो, खुर्ची मागच्या सीटवर ठेवली तर?
दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी करवतीखालचा भुसा झाडायला घेतला.
झाडलेलाच होता.

मग युसेबियोने एक नवी कोरी उशी आणली
आणि चाकूने तिचं पोट फाडलं.
पांढरं फायबर, वजन जेमतेम अर्धा किलो.
"पिंज," मला म्हणाला. "ठोसू नकोस.
ठोसलंस तर तेच जागा खाईल.
हवेला चालताना जरा अडखळू दे, भिंत लागू देऊ नकोस."
मी तासभर पिंजत बसलो, नाकात धागे, मिशीत धागे.
दाबली की हवा तापते म्हणे,
आणि हे धागे तिची ऊब तेवढ्यापुरती पिऊन घेतात,
हवा मवाळ होते,
शंकूला वाटतं, भिंत अजून लांब आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला लहानपणापासून ठाऊक.
इथे उशी फाडून अंथरूण वाढवणं चाललं होतं.
"ही फसवणूकच की," मी म्हणालो.
"खोका एकाचाच आहे," तो म्हणाला, "मी कुठे नाही म्हणतो.
फक्त वूफरला सांगू नकोस."

पहिल्यांदा जास्त झालं. आवाज गोधडीत तोंड घातल्यासारखा.
दहा स्क्रू काढ, एक मूठ कमी कर, दहा स्क्रू लाव, ऐक.
पुन्हा. चुंबकामागचं भोक मोकळं ठेव.
उदबत्ती धरून सांधे तपासले, धूर कुठे हलतो का.
चौथ्या खेपेला युसेबियो काही बोलला नाही
आणि जेवायला निघून गेला.

रविवारी टेलेस्फोरो ओफेलियाबाईंना घेऊन आला.
लाँड्रीतल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच नेले आहेत.
त्यांना पुढे बसवलं, खुर्ची घडी करून डिकीत,
खोका आणि चाक यांच्यामध्ये माझी दोन बोटं जात होती, तिसरं नाही.
त्याने आवाज वाढवला.
बाईंनी पाठ सीटला टेकली, डोळे मिटले,
चेहऱ्यावर काहीच नाही.
आम्ही तिघे उभे, पास-नापास ऐकायला.

गाणं संपलं. त्या म्हणाल्या,
"मागची नंबरप्लेट सैल आहे."
आमचे सहा कान धडधाकट,
एकालाही कळलं नव्हतं.
मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे गेलो, गुडघ्यावर बसलो.
उजवीकडचा स्क्रू. पाव फेरा.
"आता?" मी हाताने विचारलं.
त्यांनी मुलाला खूण केली,
पुन्हा लाव.