पायपुसणं

वर्षावासाच्या तिसऱ्या आठवड्यात
विहारात सुगंधाताईंनी वाचलं:
भिक्खूचं चीवर विरलं की त्याचं अंथरूण,
अंथरुणाचं पायपुसणं,
पायपुसण्याच्या चिंध्या मातीत कालवून
भिंत लिंपायची.
बाया माना डोलवत होत्या.
माझी सासू तेवढी उठली
आणि बाहेर जाऊन
सगळ्यांच्या चपला नीट लावत बसली.

येताना, सीनेच्या उतारावर म्हणाली,
"माझी आई मढ्यावरचं लुगडं नेसली गं.
गावानं टाकलं, ते आमचं नवं.
दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं
घरातलं मागून आणलेलं सगळं
माळावर नेऊन पेटवलं.
आन् आता तुम्ही चिंध्या जपा म्हणताय?"

मला काही बोलता आलं नाही.

वेशीजवळ बाभळीला कॅरीबॅगा लागलेल्या,
शेंगांपेक्षा जास्त.
घंटागाडी सोलापुरात फिरते.
आमच्याकडं कचरा येतो,
न्यायला कुणी येत नाही.
मी पुड्या चुलीत घालायची,
धूर लेकाच्या छातीत.
पहिलं शील रोज म्हणायचं,
आणि रुक्माची गाभण शेळी मेली तेव्हा
पोटातून निघाला पिशव्यांचा गोळा,
नारळाएवढा.

पुढच्या बुधवारी सासूनं पेटी उघडली.
मामंजींची चादर काढली,
गिरणी बंद व्हायच्या आदल्या दिवाळीची,
मधोमध जाळी झालेली,
काठाला मोर शाबूत.
कात्री माझ्या हातात दिली नाही.
"ही आमच्या घामाची," म्हणाली,
"कुणी टाकलेली नाही."
आणि स्वतःच फाडली,
टर्रकन,
शेजारची कुत्री उठून बसली.

चार पिशव्या झाल्या,
तेलाच्या बरणीला एक टोपरं,
उरलेल्याचं पायपुसणं.
मोर पायाखाली नको म्हणून
ते पिशवीवर आले.

पौर्णिमेला विहारात
तिनं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा.
"ताई, ते चीवर मूळचं कुठलं?"
"मसणवट्यातलं, आजी. लोकांनी टाकलेलं.
वेचायचे, धुवायचे, शिवायचे."

बराच वेळ ती समोरच्या मेणबत्तीकडं बघत राहिली.
मग शेजारणीला म्हणाली,
हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं:

"म्हणजे माझ्या आईचंच नेसले म्हणा की."

उठताना पडलेलं मेण
तिनं नखानं खरवडलं
आणि मोराच्या पिशवीत टाकलं.