छातीचं माप

छावणीतून आलेल्या यादीत
लोकरी मोजे, कुलूप, दाढीचं सामान
आणि सर्वांत खाली एक ओळ :
सौना, संध्याकाळी, तुकडीसह.
बाकी सगळं घरात होतं.
त्या एका ओळीसाठी मी ऑक्टोबरात
कुहमोहून बस धरून ओउलूला गेलो.

बाराव्या वर्षापासून मी सौनात एकटाच जायचो,
सगळ्यांचं उरकल्यावर, दगड निवत आलेले असताना.
आई म्हणायची, याला वाफ सोसत नाही.
पोहण्याच्या तासाला माझे कान दुखायचे,
जुलैत, सरोवरावर, मला सर्दी.
शाळेच्या प्रत्येक फोटोत मी
खाली पडलेलं काहीतरी उचलायला
नुकताच वाकल्यासारखा दिसतो.

डॉक्टर साल्मेलांनी निळ्या पेनने
दोन अर्धवर्तुळं काढली. म्हणाल्या, हात वर.
सहा वर्षांत मी कुणासमोर
हात वर केले नव्हते.
"सैन्यात ना? या महिन्यातला चौथा तू."
बाकीचे तिघे कोण असतील
हे मनाशी लावत होतो, तोवर भूल चढली.

जाग आल्यावर विचारलं, वजन किती भरलं?
"एकशे ऐंशी ग्रॅम," नर्स म्हणाली, "दोन्ही मिळून."
लोण्याच्या अर्ध्या पुड्याहूनही कमी.
एवढ्यासाठी सहा उन्हाळे.

पैसे बाबांनी दिले.
मी फक्त आकडा सांगितला होता, कारण नाही.
त्यांनी बोटीचं इंजिन विकलं
आणि आईला म्हणाले, तसंही ते धूर सोडत होतं.

मग सहा आठवडे ते घट्ट बनियन,
झोपेतसुद्धा,
कुणीतरी पाठीमागून मिठी मारून सोडतच नसल्यासारखं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
आई आणि ऐला लालबुंद होऊन बाहेर आल्या.
बाबा उठले, टॉवेल खांद्यावर टाकला,
दारात थांबले.
काही बोलले नाहीत.
मी उठलो.

वरच्या फळीवर आम्ही शेजारी बसलो.
त्यांनी दगडांवर पाणी टाकलं. वाफ आली, विरली,
आणि मला दिसलं.
तेच. माझंच.
पन्नाशीचं, पांढरे केस उगवलेलं, ओघळलेलं,
पण आकार तोच, डावीकडे किंचित जास्त.
मला वाटायचं, त्यांच्याकडून मी फक्त नाक घेतलं.

"हामिनात मला डेअरी म्हणायचे,"
बाबा दगडांना म्हणाले.
"अकरा महिने.
असं काही काढून टाकता येतं
हेच कुणी सांगितलं नाही."

विचारायचं होतं, तुमचेही कान दुखायचे का.
विचारलं नाही.
ओउलूला जे टाकून आलो
ते खरं कुणाचं होतं, हेही नाही.
बादली त्यांच्याकडे सरकवली.

जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
कोठारातला कॉर्पोरल टेप घेऊन पुढे आला :
हात वर.
मी केले.
"सत्त्याण्णव!" तो ओरडला, कुणीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी आम्ही वीस जण, तीन फळ्यांवर.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
टाक्यांच्या जागी मला अजून ऊन-गार काही कळत नाही,
पण तेही कुणाला दिसत नाही.
खालच्या फळीवर, दाराशी, एक मुलगा
टॉवेल थेट काखेपर्यंत गुंडाळून,
खांदे पुढे घेऊन.
त्याचं नाव मला अजून ठाऊक नव्हतं.
मागून कुणीतरी हसलं.
ते हसणं मला आवाजावरून ओळखता येतं.
आता शब्द येईल, मला माहीत होतं.
एकच शब्द, जो वर्षभर टिकेल.

अशा वेळी माणसं छातीचा कोट करतात म्हणे.
माझं माप सत्त्याण्णव.
मी डाव उचलला, पाणी टाकलं,
पुन्हा टाकलं, पुन्हा,
"ए, बस की!" कुणी ओरडेपर्यंत,
कुणाला कुणी दिसणार नाही
इतकी वाफ होईपर्यंत.