जमून

गाडी दोन तास उशिरा.
सयाजीगंजातल्या हॉटेलच्या पायरीवर
माझ्याकडे खांद्याची पिशवी
आणि ती पेटी, जी मी कुणाला उचलू देत नाही.

काउंटरमागचे गृहस्थ आधारकार्डावरचं नाव वाचतात,
चष्मा कपाळावर सरकवतात
आणि चक्क मराठीत विचारतात,
"जमून आलात?"

रात्रीचे सव्वाअकरा.
मी मागे वळून बघते.
मागे काचेचं दार, दारात मीच.
एकटं माणूस जमतं कसं?
भट्टी जमते, साय जमते,
पाहुणे जमतात, लग्न जमतं
(माझंही जमलं होतं, एकदा).
नाही हो, म्हणते, एकटीच आहे.

ते हसतात. पाची बोटं जुळवून तोंडाशी नेतात :
"जमून म्हणजे जेवून!
पणजोबा इथल्या पागेत लागले, तेव्हापासून
आमची मराठी यांच्याच ताटात जेवते."

रजिस्टरात रकाने :
कुठून आलात. पुढे कुठे जाणार.
येण्याचं कारण. नऊ वर्षं मी तिथे 'काम' लिहिते.
सोबत कोण, तिथे आडवी रेघ.
पट्टी न लावता सरळ येते आता.

खोली दोनशे सात.
रिमोटची पाठ रबरबँडने बांधलेली.
पंखा पाचवर ठेवा की एकवर, त्याचा वेग एकच.
किटलीच्या तळाशी आधीच्या कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.
पलीकडच्या खोलीत एक माणूस फोनवर
टाइल्सचा भाव कमी करतोय,
मग आवाजही कमी करतो, मग फक्त 'हा, हा'.
पलंग दोघांचा. मी डाव्या काठाला,
उजवीकडे पेटी.

पेटीत, मखमलीच्या खळग्यांत, तेवीस वजनं.
सगळ्यात मोठं दोनशे ग्रॅम,
सगळ्यात धाकटं एक मिलिग्रॅम :
नखाच्या कातरणीएवढा पत्रा,
एक कोपरा दुमडलेला, चिमट्याला धरायला.
हात लावायचा नाही.
बोटाच्या घामालाही वजन असतं
आणि ते जातं शेवटी कुणाच्या तरी गोळीत.
उद्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात
त्यांचे सहा काटे मी एकेक करून विचारणार,
खरं बोलताय ना?
खोली बंद, एसी बंद, बोलणंही बंद,
श्वास बाजूला सोडायचा.
मग सही, शिक्का, चारची गाडी.

बाराला टकटक.
साखळी तशीच ठेवून फटीतून बघते.
तेच. खिशावरची पट्टी आता वाचता येते : खानविलकर.
हातात स्टीलच्या डब्याचा एक कप्पा.
"किचन दहालाच बंद होतं.
आमच्या मंडळी हात सैल सोडून भरतात,
एकट्याला संपत नाही."
कप्पा उंबऱ्याशी ठेवतात.
मी साखळी काढेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली.

वरण-भात. वरणात गूळ, गुळाच्याही वर गूळ,
आणि चक्क शेंगदाणे.
आईने ताटावरूनच उठवलं असतं वरणाला.
चमचा नाही.
बेसिनशी हात धुते, पलंगावर वर्तमानपत्र पसरते,
आणि दिवसभर मोज्यात राहणारी ही बोटं
भात कालवतात.
सवयीने नजर अंदाज करते : साडेतीनशे ग्रॅम.
अर्धं झाल्यावर अंदाज चुकतो.
मी तो दुरुस्त करत नाही.

सकाळी काउंटरवर दुसराच मुलगा.
खानविलकरांची ड्युटी सहाला सुटली.
बिल कंपनीच्या नावाने,
जीएसटीचा पंधरा आकडी नंबर मला तोंडपाठ आहे,
मुलाला दोनदा सांगावा लागतो.
मग घासलेला कप्पा पुढे करते.

आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत.
खोलीत दुसरं होतं काय?
किटलीशेजारच्या ट्रेमधल्या साखरेच्या दोन पुड्या,
त्यांच्याच, त्यांनाच.
मुलगा कप्पा कानाशी नेऊन हलवतो.
"अंदर शुं छे, बेन?"

दहा ग्रॅम, मी सांगते.
छापलेत तेवढे.
असतील थोडे कमीच.