बाल्टी

शाळेत बाईंनी सांगितलं, घरातला एक शब्द आणा,
आणि तो कुठून आला ते लिहा.
इरमने वहीत लिहिलं: बाल्टी.
खाली चार ओळी कोऱ्या.

बर्मिंगहॅममध्ये, लेडीपूल रोडवर,
बाल्टी म्हणजे काळी कढई, दोन कानांची.
जाळावरून थेट टेबलावर येते, चरचरत,
कडेचा मसाला करपलेला,
आणि नान एवढा की कोपर ठेवायला जागा नाही.

सातव्या टेबलावरचा डेरेक म्हणतो,
"बादली गं! पूर्वी बादलीभर वाढायचे तुझे आजोबा,"
आणि स्वतःच हसतो.

स्कर्दूचा हसनैन टॅक्सी दारात लावून आलाय. तो चिडतो.
"बाल्टी आम्ही. माणसं.
आमच्याकडे जर्दाळू, सातू, याकचं लोणी.
या कढईला आमचं नाव कुणी दिलं?"
आणि नानच्या तुकड्याने
कढई लख्ख पुसून घेतो.

सिंकखाली उताणा पडलेला द्वार्ते, लिस्बनचा प्लंबर,
नुसता हात बाहेर काढतो: "बाल्दे! बाल्दे!"
त्याला बादली हवी आहे. एवढंच.

(बालदी, बादली. आपल्याही तोंडात
हिंदकळून अक्षरांनी जागा बदलल्या,
कुणाच्या लक्षातही आलं नाही.)

मेहरबान आजोबा कांदा चिरतायत.
तीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबलेले हात.
"बाल्टी म्हणजे बाल्टी. विहिरीत सोडायची.
आधी आपटते, मग कलंडते,
मग बुडबुड, मग जड."

"कुठली विहीर?"

"मीरपूरची. आमची.
मंगला धरण झालं. आधी मका गेला,
मग मशिदीची पायरी, मग विहीर पाण्यात बुडाली."

इरमला कळत नाही.
विहिरीत पाणीच असतं ना?
ते पुन्हा सांगतात.
तिसऱ्यांदा सांगताना सुरी बाजूला ठेवतात.
"दोर खांबालाच राहिला. घाई होती.
खाली बाल्टी असेल की अजून.
भरलेलीच असेल."

सिंकखालची निळी बादली
टप, टप, काठाला आलीय.
"उचला कुणीतरी!"
कुणीच उचलत नाही. आजोबा उठतात,
उगाचच दोन्ही हातांनी ओढतात, हळू,
जणू लांबून काही वर यायचंय.

इरम पहिल्या कोऱ्या ओळीवर लिहिते:
खालून आला.

उरलेल्या तीन ओळींवर
कांद्याच्या हाताचे डाग.