उभ्यानं

मेडिकलच्या त्या पोरसवदा डॉक्टरनं
एक्सरे उजेडाला धरून एवढंच सांगितलं :
यापुढं वाकायचं नाही.
बाबा म्हणाले, "साहेब, मी स्टेजच्या पाट्या ठोकतो."
डॉक्टरनं एक्सरे पाकिटात घातला
आणि पुढच्याला हाक मारली.

कस्तुरचंद पार्क, रेशीमबाग, कोराडी रोडची लग्नाची लॉनं,
जिथं जिथं कुणी तीन फूट उंचावरून बोलणार,
नाचणार, हार घालून घेणार,
तिथली जमीन आधी बाबांच्या गुडघ्यांखालून जायची.
तेहतीस वर्षं.
गर्दीत आम्ही त्यांना पाठीवरून ओळखायचो.

अडीच महिने घरी बसले.
आई अंगणात मिरच्या कांडत होती, एका दुपारी,
मुसळ वर, मुसळ खाली, कणा सरळ.
बाबा बघत राहिले, मग म्हणाले,
"कांडण उभ्यानं होते,
तं ठोकणं काऊन नाही होणार?"

लकडगंजात, आरामशिनीच्या मागं
जावेदभाईचं वेल्डिंगचं दुकान.
तिथून सायकलच्या दांडीला बांधून आणला
छातीइतका उंच पाईप.
आत जड सळई, वर आडवी मूठ,
बाजूला खिळा सोडायला बोटाएवढी नळी,
आणि तोंडाशी फुटक्या भोंग्यातलं चुंबक,
खिळ्याला उभं धरून ठेवायला.

पहिली परीक्षा आईच्या पाटावर झाली.
खिळा पाटातून फरशीत गेला.
पाट अजून तिथंच आहे,
आम्ही त्याच्या भोवतीनं जेवतो.

पाईपात खिळा दिसत नाही. ऐकावा लागतो.
टण, टण, टण,
मग आवाज एकदम जाडा होतो : ठप्प.
तिथं थांबायचं.
"त्याच्यावर एकही ज्यादा देल्ला
का पाटी फाटलीच समज."
मी बी.कॉम.चं पुस्तक मांडीवर घेऊन
रात्रभर तो ठप्प ओळखायला शिकले.

डिसेंबरात पहिलं काम मिळालं.
पोरं हसली :
"डोमाजीकाका, ताक घुसळता का?"
बाबाही हसले. नळीत खिळा सोडला.
चार वाजता मुकादम आला, पाठी मोजत.
सात वाकलेल्या, एक सरळ.
"काऊन बे, तू कायले उभा?
फुकटची हाजरी पाह्यजे का?"
टण, टण, टण, ठप्प.
बाबा पुढच्या पाटीवर गेले.
सातांपैकी कुणापेक्षा त्यांच्या पाट्या कमी नव्हत्या,
मी मोजल्या होत्या.
तरी वहीत त्यांच्या नावापुढं अर्धी हाजरी पडली,
कारण म्हणून लिहिलं : हलकं काम.
त्या मैदानात उभं राहण्याचे पैसे
फक्त मुकादमालाच मिळायचे.

बाबा काही बोलले नाहीत.
घरी येऊन पाईपाला तेल दिलं,
मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली.

दोन दिवसांनी कार्यक्रम संपला.
रात्री साडेअकराला खुर्च्या उचलल्या,
गालिचा गुंडाळला, हारांची फुलं झाडली,
आणि खालून निघाल्या पाट्या,
सकाळी दुसरीकडं पाठवायच्या.

खिळे उपटायला पाईप चालत नाही.
चुंबक ओढून पाहिलं, उलटा करून पाहिला,
जावेदभाईलाही फोन केला.
उपटायला पहारीचं चपटं टोकच लागतं,
आणि डोकं खिळ्याच्या डोक्याजवळ न्यावं लागतं.

बाबा टॉर्च घेऊन उभे राहिले.
मी ओढणी कमरेला खोचली, वाकले.
पहिला खिळा लाकडात रडल्यासारखा वाजला
आणि वाकडा होऊन हातात आला.
डालड्याच्या डब्यात टाकला.
दुसरा. तिसरा.
मैदानाच्या पलीकडं एक उशिराचा ऑटो गेला,
थंडीनं बोटं खिळ्यांसारखीच झाली होती.

टॉर्चचा उजेड जरा हलला.
"कमरेतून नोको वाकू," बाबा म्हणाले,
"गुडघ्यातून वाक."
आणि उजेड पुढच्या खिळ्यावर नेऊन धरला.